जनतेसाठी चाळीस खुर्च्या

सिल्व्हर स्प्रिंग, मेरीलँड
गुरुवार, दुपारची जेवणं झाल्यावर

तीर्थरूप लुएलाताईस,

धाकट्या वर्लिनचा नमस्कार. (पायांपर्यंत पोचला असं समज. तुझे पाय धरणापलीकडे असल्यामुळे सध्या प्रत्यक्ष पोचवता येत नाही.) प्रकृती कशी आहे? गुडघ्याला डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय असं कळलं. चालतेस की नुसती हो म्हणतेस? दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन कधी ठरलं? कोंबड्या अंडी देतात का, की यंदाही तू कोल्ह्यालाच पोसते आहेस? तुमच्या मेथडिस्ट चर्चचं गळकं छप्पर दुरुस्त झालं म्हणे. आमचं अजून गळतंय, पण बाप्तिस्म्याला अख्खा माणूस पाण्यात बुडवणाऱ्या आम्हा बॅप्टिस्टांना पाण्याचं तसंही वावडं नाही.

माझं अक्षर बघून तू पाकीट दोनदा उलटसुलट केलं असशील, आणि उघडावं की शेगडीत टाकावं याचा विचार केला असशील. गेली सहा वर्षं आपण नाताळच्या कार्डावर नुसत्या सह्या करून भागवतोय, तेव्हा तुला दोष देत नाही. पण आधीच सांगतो, हे पत्र आईच्या वाजवायच्या पेटीबद्दल नाही. ती पेटी तू तुमच्या चर्चला देऊन टाकलीस, निदान एका शब्दाने मला विचारायला हवं होतंस, पण तो विषय मी काढणार नाही. काढलाच नाही असं समज.

विषय धरणाचा आहे. मे महिन्यापासून स्लेट क्रीक धरणावरच्या पायवाटेला दोन्ही टोकांना जाळीची फाटकं लागलीत, हे तूही बघितलं असशील. ज्या भिंतीत आपल्या बाबांनी काँक्रीट ओतलं, जिच्यावरून आपण शाळेला गेलो, ती आता बंद. फाटकावर पाटी आहे: 'संशयास्पद हालचाली आढळल्यामुळे पादचारी मार्ग तात्पुरता बंद.' तुझ्याकडे यायचं तर खालच्या महामार्गाच्या पुलावरून तासाभराचा वळसा. तू गाडी चालवायचं सोडलंस, आणि माझा ट्रक महामार्ग दिसला की खोकायला लागतो. (आपण एकमेकांकडे जातच नाही हा भाग निराळा. न जाणं ही एक गोष्ट, आणि जाता न येणं ही दुसरी.) त्या संशयास्पद इसमाला मी गावभर शिव्या घातल्या. न्हाव्याच्या खुर्चीत तोंडाला फेस असतानासुद्धा घातल्या. कोण कुठला उपटसुंभ येऊन धरणावर घुटमळतो आणि त्याच्यापायी दोन काठांची ताटातूट होते, ह्याचा मला मनापासून राग आला होता.

मग ऑगस्टात वाचनालयात बसलो असताना सरकारी राजपत्रात एक सूचना सापडली. (हसू नकोस. बँड शिकवायचं बंद झाल्यापासून माणसाला काहीतरी वाचावं लागतं.) धरणांच्या सुरक्षेबाबत सरकारला सल्ला देणारी एक समिती आहे, तिची बैठक वॉशिंग्टनला भरणार, आपली पायवाट कायमची बंद करावी की कसं यावर ती सल्ला देणार, आणि पुढे स्वच्छ लिहिलेलं: बैठक जनतेसाठी खुली आहे. दुपारी अडीच ते तीन या वेळात जनतेला बोलता येईल, प्रत्येकाला तीन मिनिटं. सरकारने मला इतक्या अदबीने आजवर कशालाही बोलावलेलं नाही. मी त्याच दिवशी नाव कळवलं, आणि तुझ्या गार्लंडला फोन करून सांगितलं की मामा चार दिवस मुक्कामाला येतोय, वॉशिंग्टन त्याच्या घरापासून जवळच. पोरगा गुणी आहे, ताई. मामा-आईच्या भांडणात त्याने कधी बाजू घेतली नाही. मात्र त्याच्या घरी संध्याकाळी जेवायला नुसती कच्ची पानं देतात. मी तिसऱ्या दिवशी गुपचूप बाहेर जाऊन आपल्याकडची मऊ पावासारखी बिस्किटं आणि ग्रेव्ही खाऊन आलो, हे त्याला कळवू नकोस.

आता माझी चूक सांगतो. 'जनतेसाठी खुली' म्हटल्यावर मी आपल्याकडच्या चार जुलैच्या मिरवणुकीचा हिशेब धरला. देशाच्या सुरक्षेचा मामला, राजधानीचं गाव, माणसांचा नुसता लोंढा येणार. तेव्हा आपण मिरवणुकीला करतो तेच केलं. घडीची हिरवी-पांढरी खुर्ची, थर्मासात गोड चहा आणि हॅमचं सँडविच घेऊन पहाटेच त्या इमारतीच्या दारात हजर झालो. म्हटलं, पुढची जागा धरून ठेवू. दारात पहारेकऱ्याखेरीज चिटपाखरू नव्हतं. तो धिप्पाड तरुण माझ्याकडे बघत राहिला.

"काका, ही खुर्ची कशाला?"

"जागा धरायला," मी म्हटलं. "गर्दी व्हायच्या आत."

त्याने रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली आणि म्हणाला, "मग बरं केलंत लवकर आलात."

चेहऱ्यावर रेषा हलली नाही. मी त्याला मनात तिथेच शंभरपैकी शंभर दिले. खुर्ची यंत्रातून पुढून गेली, मागून गेली, आडवी गेली, आणि शेवटी तिला चिठ्ठी बांधून त्याने आपल्या ताब्यात ठेवून घेतली. माझ्या छातीवर एक बिल्ला लावला. त्यावर वर 'जनता' आणि खाली 'सोबतीशिवाय फिरू देऊ नये'. सोबतीला एक सूटवाला मुलगा मिळाला. तो इतका कर्तव्यदक्ष निघाला की मी मोरीत गेलो तरी दाराबाहेर उभा, आणि मला वेळ लागायला लागला तेव्हा आत काही हवं का असंही त्याने विचारलं. (या वयात वेळ लागतो. तसं त्याला सांगितलं. तो म्हणाला, "सावकाश होऊ द्या.")

सभागृहात गेलो तर दोरी बांधून वेगळ्या केलेल्या चाळीस खुर्च्या. चाळिसांवर छापील कार्यक्रमपत्रिका, चाळीस पेन्सिली टोक करून ठेवलेल्या. आणि त्या चाळिसांत मी एकटा. समितीच्या कामकाजाच्या अधिकारी म्हणून एक प्रेंटिसबाई आहेत, ठेंगण्या, चष्मा साखळीला बांधलेला. त्या लगबगीने आल्या आणि माझा बिल्ला वाचून म्हणाल्या, "तुम्ही खरंच आलात?" त्यांच्या आवाजात असं काही होतं की मला उशीर झाल्यासारखं वाटलं. मी विचारलं, बाकीचे कधी येणार? त्या म्हणाल्या, "बाकीचे येत नसतात, मिस्टर टॅकेट." म्हणजे बघ. दर बैठकीला ही बाई चाळीस खुर्च्या मांडते, चाळीस पेन्सिलींना टोक काढते, अडीच वाजता उठून 'आता जनतेने बोलावे' असं रिकाम्या खुर्च्यांना सांगते, आणि मग तीन वाजेपर्यंत सगळी समिती गप्प बसून राहते. कारण राजपत्रात अडीच ते तीन छापलेलं असतं, आणि न जाणो पावणेतीनला कुणी धापा टाकत आला तर त्याला दार बंद दिसता कामा नये. निवृत्त सेनापती, मोठमोठे अभियंते, सगळे घड्याळाकडे बघत बिस्किटं खात बसतात. मी तीस वर्षं सातवीच्या पोरांना बँडमध्ये दोन मात्रा थांबायला शिकवत होतो आणि ते मला जमलं नाही.

शिवाय एक खुणांची भाषा करणारी बाई होती. ज्यांना ऐकू येत नाही अशा जनतेसाठी तिला बोलावतात, तसा नियम आहे. मला चांगलं ऐकू येतं, पण ती बिचारी माझ्याकडे तोंड करून हातवारे करत होती, आणि आपल्याशी कुणी बोलत असलं की त्याच्याकडे बघावं असं आईने आपल्याला शिकवलंय. त्यामुळे दीड तास मी तिच्याकडेच बघत मान डोलावत होतो. वक्ता कोण, पडद्यावर काय, याकडे बघायची सवडच झाली नाही. पुढे कळलं की माझ्या मान डोलावण्यामुळे तिला मी खरंच बहिरा वाटलो आणि तिने माझ्यासाठी वेग कमी केला होता.

समितीचे अध्यक्ष अ‍ॅडमिरल हॅस्केल म्हणून उंच, वाळके गृहस्थ आहेत. पहिला तज्ज्ञ उठला आणि नुसती आद्याक्षरं बोलायला लागला. पाच वाक्यांत एक अख्खा शब्द नाही. अ‍ॅडमिरलनी पेन्सिल टेबलावर आपटली. म्हणाले, "थांबा. आज जनता बसली आहे. माणसांसारखं बोला." तज्ज्ञाने माझ्याकडे पाहिलं, घसा खाकरला आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, आणि मला वाटतं त्यातलं निम्मं त्यालाही तेव्हाच कळलं. इतका मान मला माझ्या निरोप समारंभात मिळाला नव्हता.

मग आपल्या धरणाची पाळी आली. तज्ज्ञ म्हणाला, या पायवाटेवर फारसं कुणी जात नाही, पण फाटकं लागेपर्यंत एक अनोळखी इसम बराच काळ नियमित आढळायचा. दर रविवारी सकाळी पश्चिमेच्या टोकाने येतो. धरणाच्या मधोमध जाऊन थांबतो. पूर्वेच्या काठाकडे बराच वेळ बघत राहतो. पुढे जात नाही. मग आला तसा परत जातो. पाऊस असो, बर्फ असो, खंड नाही. हेतू अज्ञात. म्हटलं, हाच तो उपटसुंभ, सापडला एकदाचा, आणि इतका वेळ त्या खुणांच्या बाईकडे बघणाऱ्या मी पहिल्यांदा पडद्याकडे बघितलं. पडद्यावर त्याचा फोटो होता. कानपट्ट्यांची टोपी, बँडचं जुनं तांबडं जाकीट, हातात थर्मास.

ताई, तेच जाकीट माझ्या अंगात होतं. तोच थर्मास पायाशी होता.

मी हात वर केला. प्रेंटिसबाईंनी मान हलवली, घड्याळ दाखवलं. जनतेची वेळ अडीचला, आणि आत्ता कुठे दोन वाजत होते. मी पुन्हा हात वर केला. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मग मी तसाच बसलो, आणि समितीतल्या लोकांनी माझ्यासमोर माझ्याबद्दल तर्क लढवले. एकजण म्हणाला, परक्या देशाचा हेर असावा. एका अभियंत्याला वाटलं की तो भिंतीच्या सांध्यांचा अभ्यास करतोय. तिसरी एक बाई म्हणाली, मला तो एकटा माणूस वाटतो. खुणांची बाई पडद्यावरच्या टोपीकडे बघत होती आणि मग माझ्या मांडीवरच्या टोपीकडे, आणि तिचे हात हवेतच थांबले. पण कायद्याने तिने फक्त दुसऱ्याचं बोलणं सांगायचं असतं, स्वतःचं नाही. तिने तो कायदा पाळला.

अडीच वाजले. प्रेंटिसबाई उठल्या, माझं नाव पुकारलं. मी घरून लिहून आणलेलं भाषण (गार्लंडच्या कुत्र्यापुढे म्हणून दाखवलं होतं, त्याने शेपूट हलवली होती) खिशातच ठेवलं, बोलायच्या जागी गेलो आणि टोपी डोक्यावर घातली. म्हटलं, तो इसम मी. सूटवाला मुलगा दोन पावलं पुढे सरकला. अ‍ॅडमिरलनी त्याला हातानेच थोपवलं. मग मी बाबांचं काँक्रीट सांगितलं, आपली शाळा सांगितली, तू वाऱ्यात माझा हात धरून मला आतल्या बाजूने चालवायचीस ते सांगितलं, आणि कारण नसताना बँडचंही थोडं सांगितलं. समोर एक दिवा असतो, आधी हिरवा, मग पिवळा. मी म्हटलं, "आणि दर रविवारी मी मधोमध थांबतो, ते अशासाठी की..." आणि दिवा तांबडा झाला.

मी थांबलो. जन्मभर पोरांना हात खाली आला की वाजवणं बंद करायला शिकवलेला माणूस मी, मला पुढे बोलवेना. सगळी समिती टेबलावर पुढे वाकून बसलेली. अ‍ॅडमिरल म्हणाले, "बोला ना." प्रेंटिसबाई म्हणाल्या, "सर, माफ करा, तीन मिनिटं झाली. एका व्यक्तीला एकदाच."

"अहो, पण जनतेत दुसरं कुणी नाहीच."

"आत्ता नाही. पण तीनपर्यंत येऊ शकेल, सर. त्याची वेळ यांना देता येणार नाही."

आणि ताई, ते सगळे बडे लोक खरोखर गप्प बसले. देशाची धरणं ज्यांच्या सल्ल्यावर चालतात ती माणसं, न आलेल्या माणसाचा हक्क राखून बसून राहिली. मी तिथेच उभा. बऱ्याच वेळाने प्रेंटिसबाईंनी चष्मा लावला, नियमांचं पुस्तक काढलं, पानं उलटली आणि म्हणाल्या की जनतेला जास्त बोलता येत नाही, पण सभासदांना जनतेला प्रश्न विचारता येतात. तसं कुठे मना केलेलं नाही. अ‍ॅडमिरलनी श्वास सोडला.

"टॅकेट मास्तर, कशासाठी थांबता?"

"बहिणीसाठी," मी म्हटलं. "पलीकडे राहते."

यानंतर त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला, त्याला मी एका शब्दात उत्तर दिलं. त्याबद्दल खाली लिहितो.

तीनला बैठकीचा गुप्त भाग सुरू झाला, त्यात जनतेला बसता येत नाही. मला बाहेर काढताना प्रेंटिसबाईंनी इतक्यांदा माफी मागितली की मलाच त्यांची समजूत घालावी लागली. खाली पहारेकऱ्याने माझी खुर्ची स्वतः उघडून खिडकीपाशी मांडून दिली आणि विचारलं, "मग काका, कशी झाली मिरवणूक?" मी म्हटलं, "मीच होतो मिरवणुकीत." सँडविच आम्ही दोघांनी वाटून खाल्लं. संध्याकाळी अ‍ॅडमिरल खाली उतरले आणि माझ्याजवळ येऊन म्हणाले की फाटकांचा सल्ला समितीने राखून ठेवलाय. ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी ते स्वतः दोन सभासदांना घेऊन धरणावर येतील, डोळ्यांनी बघतील आणि मग ठरवतील.

सरकारला नावं ठेवण्यात माझी हयात गेली, हे तुला माहीत आहे. घरी परतल्यावर पुन्हा ठेवीन. पण त्या खोलीत मला सरकारचं खरोखर कौतुक वाटलं. कुणी येत नाही हे माहीत असूनही खुर्च्या मांडायच्या, पेन्सिलींना टोक काढायचं, आणि ठरलेल्या वेळेला दाराकडे बघत थांबायचं, ही साधी गोष्ट नाही. मला ते काम थोडंफार जमतं, म्हणून सांगतो.

गार्लंड तुला प्रेम सांगतो. कोंबड्यांना माझी आठवण दे. शनिवारी मी घरी पोचेन.

तुझा धाकटा भाऊ,
वर्लिन

ता. क. माझ्या भाषणात पेटीचा उल्लेख एकदाही आला नाही. इतिवृत्त कुणालाही मागवून वाचता येतं, हवं तर मागवून खात्री कर.

ता. क. दुसरा. तो प्रश्न. अ‍ॅडमिरलनी विचारलं, "मग येते का ती?" समोर सगळी समिती, आणि ती 'एकटा माणूस' म्हणालेली बाई माझ्याकडेच बघत होती. मी म्हटलं, "येते." तज्ज्ञ म्हणाला, कॅमेऱ्यात तर ती कधी दिसली नाही, पण मधोमधपासून पुढचं टिपणारा तुझ्या बाजूचा कॅमेरा तीन वर्षांपूर्वीच्या वादळापासून बंद आहे असं निघालं, आणि तो दुरुस्त न केल्याबद्दल त्यालाच ऐकून घ्यावं लागलं. मग दुसऱ्या एका सभासदाने विचारलं, भेटल्यावर काय करता? मी म्हटलं, भांडतो. ते सगळ्यांना लगेच पटलं. आता पुढच्या महिन्यातल्या त्या रविवारी सकाळी अ‍ॅडमिरल येतील आणि फाटकं तेवढ्यापुरती उघडतील. म्हणजे तुला तुझ्या टोकाकडून मधोमधपर्यंत चालत यावं लागेल. ही विनंती करण्यासाठीच पत्र लिहिलं, बाकी सगळा पाल्हाळ. माझ्यासाठी येऊ नकोस. पायवाटेसाठी ये, बाबांच्या काँक्रीटसाठी ये. भांडायलाच येतेस असं समजून ये.

ता. क. तिसरा, शुक्रवार. पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून लिहितोय; आता तातडीच्या टपालाने धाडतो, उद्या तुझ्या हाती पडेल. आत्ताच प्रेंटिसबाईंचा फोन आला. समितीने माझं बोलणं पुन्हा वाचून काढलं, आणि प्रत्यक्ष पाहणीची गरज नाही असं ठरवलं. वाट खुली ठेवावी असा सल्ला दिला, आणि धरणखात्याने तो लगेच मानला. दोन्ही फाटकं या शनिवारी उघडणार. अ‍ॅडमिरल येणार नाहीत, कुणीच येणार नाही. तेव्हा वरची विनंती रद्द समज. तुझी सरकारला आता काही गरज उरलेली नाही.

हे सांगितल्यावर गार्लंडने हातातला कुत्र्याचा पट्टा खाली ठेवला. मग म्हणाला, "मामा, आईने मे महिन्यात मला फोन केला होता. विचारत होती, तुझा मामा आजारी आहे का, हल्ली रविवारी खिडकीतून दिसत नाही. तुम्हाला सांगू नको म्हणाली होती."

या रविवारी मी नेहमीच्या वेळी मधोमध असेन.